मामांचा मार्चअखेरचा पगार

छतावर सोलर बसलं आणि आमच्या घरातलं वारं बंद झालं. उन्हाळा तोंडावर, त्यात सोलापूर, आणि पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही म्हणजे काय हो!

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, सूतगिरणीतून रिटायर झालेले. सोलर बसवणाऱ्यानं त्यांना समजावलं, "वापरून उरलेली वीज लाईनीत जाते, तेवढी युनिटं तुमच्या नावावर जमा होतात. लागली की परत घ्यायची. मार्चअखेर शिल्लक राहिली तर त्यांचे पैसे मिळतात." मामांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. "म्हंजे मला परत पगार चालू झाला की!" असं अख्ख्या गल्लीला सांगून आले.

झालं! मिक्सर बंद. सासूबाई शेंगाची चटणी उखळात कुटायच्या आणि दर घावाला मामांकडे बघायच्या. वैरागहून नणंदेचे सासरे आले, तर मामांनी त्यांच्या हातात पेपर दिला, वारा घ्यायला. मी एकदा भर दुपारी कूलर लावला. मामा मोबाईलमधला युनिटांचा आकडा नाचवत धावत आले, "अगं, तुजा कूलर माजा पगार खातोय की!"

मीही तापले. म्हटलं, "मामा, पगार येईपर्यंत मी तरी शिल्लक राहिले पाहिजे ना!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसत बसल्या. कूलर मात्र बंदच झाला.

मार्च सरला. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सासूबाईंकडून हातावर दही घेतलं आणि कापडी पिशवी घेऊन रिक्षानं सात रस्त्याकडे, लायटीच्या ऑफिसात गेले. पिशवी कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तासाभरात परत आले ते तोंड एवढंसं करून. "रोख देत न्हाईत म्हणं. बिलातनं वजा करणार." त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. आता गल्लीला काय सांगायचं, हाच घोर.

मला लई वाईट वाटलं. दीड महिना भांडले होते त्यांच्याशी, पण असे गप्प बसलेले मामा बघवेनात. पुढचं बिल आलं, त्यात मामांच्या युनिटांचे तीनशे वीस रुपये वजा झालेले. बिल भरते मी, माझ्या पगारातून. म्हणजे पैसे वाचले माझे, आणि राबले मामा! तेवढे रोख पाकिटात घालून मी त्यांच्यासमोर धरले. "मामा, तुमचा पगार."

त्यांनी दोनदा मोजले. पाकीट उलटं करून झटकलं. मग हळूच विचारलं, "काय कापलं न्हाई व्हय?"

"काहीच नाही कापलं, मामा."

ते उठले, आत गेले आणि नोटा सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. "घे," म्हणाले, "उभ्या जन्मात पयल्यांदा पुरा पगार आणलाय."