फुंकर न घालणारे सनईबाबा

सनईबाबांनी आयुष्यात कधी दिवा फुंकून विझवला नाही. चहा कितीही कढत असो, त्यावर फुंकर घातली नाही. बशीत ओतून निवेपर्यंत बसून राहत. "दम देवना शे," म्हणत, "वाया कशाले घालू?"

मुलांनो, प्रकाशा नावाच्या गावी ते आमचे शेजारी. देवळात पहाटेची सनई त्यांचीच. त्यांची बायको, आमच्या काकू, आईपाशी कुरकुरत, "चुल्हा मीच फुकस वं माय. ह्या राजाले दम वाचाडना शे!"

इतका जपलेला दमच एका वर्षी उणा पडू लागला. पहाटेचा सूर मध्येच तुटायचा, मग खोकला ऐकू यायचा. आमच्या घरात, तो सूर तुटला की वडिलांचा तांब्या हातातच थांबे.

त्या दिवाळीत बाबा सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला निघाले. तिथल्या देवाच्या कपाळावर न भरणारी जखम आहे, म्हणून यात्रेकरू तेल नेतात. काकूंनी बाटली पुढे केली, ती त्यांनी परत दिली. "लोकं तेल लई जातस. मी सूर लई जासू, नि दम मांगसू." त्या खोकल्यावर तो चढ! काकूंनी अडवून पाहिलं. त्यांनी वेशीवरच्या वडाकडे बोट करून परतल्याची खूण तेवढी सांगितली, "वडजोडे ऊनू का सनई वाजाडसू. समजी जाय."

गावचे यात्रेकरू परतले. बाबा त्यांच्यात नव्हते. "मांगे ऱ्हायनात. येतीन," एवढंच कोणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी जातं ओढलं नाही. घरघरीत सनई ऐकू आली नाही तर? मी ओट्यावर त्यांच्याजवळ बसले. वडाकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, कोणाची हाक आली. "सनई वाजी का वं बेटी? तुन्हा कान बारीक शेतस." मी नाही, नाही अशी मान हलवत राहिले.

दिवस कलता बाबा समोर उभे. सनई काखेत, पायाला फडकी बांधलेली. वड मागे टाकून ते मुकाट्याने आले होते. काकू रडल्या, मग चिडल्या, "वाजाडी का नही? जीव टांगी ठेवा मन्हा!"

बाबा ओट्यावर टेकले. सनई मांडीवर ठेवून म्हणाले, "माथावर वाजाडाले बसनू. अशी वाजनी, थांबताच ऊनं नही. दम मांगाले गयथू, व्हता तो सम्दा देवले दी ऊनू."

आईने चहा आणला. काकूंनी सवयीने बशी पुढे सरकवली. बाबांनी ती बाजूला केली, पेला दोन्ही हातांत धरला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

काकूंनी पदर तोंडाला लावला.