मामाच्या गाडीचे झिजलेले बुश

माझ्या मामाला आमच्या भागात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्याला ‘न्यूट्रल’ म्हणतात. एकवीस वर्षं त्यानं एकाच गाडीवर लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, आणि शिकायला आलेला माणूस सीटवर नीट टेकायच्या आत मामा म्हणायचा, "आधी न्यूट्रल." एकदा तो झोपेतही तसं म्हणाला होता, असं मामी शपथेवर सांगते. शाळा म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली. एक टेबल, एक बाक, उन्हानं विटलेला वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं एक जुनं स्टिअरिंग. ते तिथं कशासाठी होतं हे मामालाही सांगता आलं नसतं.

मामा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटेल. ज्यांना दिवसा कामावरून सुटका नसायची त्यांच्यासाठी तो पहाटे पाचला गाडी काढायचा. घाबरणाऱ्याला रिकाम्या मैदानात आठ-आठ दिवस नुसता गोल फिरवायचा आणि आवाज चढू द्यायचा नाही. फक्त आपल्या गाडीचा त्याला भारी अभिमान होता, आणि गाडी म्हातारी होत गेली तसा तो वाढतच गेला.

गिअरचा लिव्हर पार ढिला झाला होता. न्यूट्रलमध्ये तो रिकाम्या बरणीतल्या चमच्यासारखा कुठेही फिरायचा. तिसरा हवा असेल तर लिव्हर आधी उजवीकडे चांगला रेटून मग वर न्यायचा. रिव्हर्सला थोडं दाबायचं, थोडं खेचायचं, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटायचं आणि मग टाकायचा. मामाच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की आपण असलं काही करतो याचा त्याला पत्ताच नव्हता. कुणी तक्रार केलीच तर म्हणायचा, "लोण्यासारख्या गिअरवर कुणीही शिकतं. ज्याला ही गाडी जमली त्याला जगातली कुठलीही जमली." आणि ज्याला जमली नाही त्याचा हातच नाही. विषय संपला.

मला जमली. लहानपणापासून मामाच्या शेजारी बसून त्या लिव्हरशी खेळले होते मी. अठराव्या वर्षी पहिल्याच परीक्षेत पास झाले. मामानं माझी पाठ थोपटली आणि पुढे बरीच वर्षं ती माझी मीच थोपटत राहिले.

माझ्या आईला जमली नाही.

आई म्हणजे मामाची थोरली बहीण. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर ती नोकरी करायची. ती बावन्न वर्षांची असताना वाचनालयानं एक व्हॅन घेतली. पुस्तकं भरून लांबच्या वस्त्यांवर न्यायची, आणि व्हॅन चालवणारा नि पुस्तकं देणारा माणूस एकच, अशी योजना होती. आईला ते काम इतकं हवं होतं की अर्ज करायच्या आधीच तिनं कुठल्या वस्तीवर कुठली पुस्तकं न्यायची याच्या याद्या करून ठेवल्या. व्हॅनमधल्या फळ्यांचं चित्र काढलं. पोरांची पुस्तकं खाली आणि म्हाताऱ्यांची हाताच्या उंचीवर, त्यांना वाकायला लागू नये म्हणून. अडचण फक्त लायसन्सची होती, आणि सख्खा भाऊ मास्तर असताना ती कसली अडचण?

तीन महिने मामानं तिला शिकवलं. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्याशी तो इतरांपेक्षा कडक वागला. मी बऱ्याचदा मागच्या सीटवर शेंगदाणे खात बसलेली असायचे.

परीक्षा मामाच्याच गाडीवर होती. पहिल्या खेपेला चढावर पहिल्याऐवजी तिसरा पडला आणि गाडी बंद. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला दोन खांबांच्या मधून गाडी मागे न्यायची होती. आईनं रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली, क्लच सोडला आणि गाडी पुढे गेली. समोरचा पत्र्याचा खांब आडवा झाला. रांगेतले पंधरा-वीस जण हसले. मामानं सगळ्यांदेखत तिला खाली उतरवलं आणि म्हणाला, "ताई, सोड आता हा नाद. काहींच्या हातातच नसतं ते."

आईनं नाद सोडला. व्हॅन एका तरुणाला मिळाली. चालवायचा छान. पुस्तकाशी मात्र त्याचा संबंध उचलण्या-ठेवण्यापुरता होता. आई निवृत्त होईपर्यंत काउंटरवर तारखांचे शिक्के मारत राहिली. पण तेवढ्यावर भागलं नाही. हळूहळू ती कशालाच हात लावेनाशी झाली. नवा मिक्सर, मोबाइल, बँकेतलं मशीन, काहीही समोर आलं की म्हणायची, "तूच कर बाई, माझ्या हाताला यंत्र झेपत नाही." मुलगी शिवणयंत्रं दुरुस्त करते आणि आईला यंत्र झेपत नाही, याची आम्हाला मोठी गंमत वाटायची. तिच्या निवृत्तीच्या समारंभात तर मी माइक हातात घेऊन तो खांबाचा किस्सा रंगवून सांगितला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या हातातला चहा सांडला, असंही सांगितलं. तो चहा माझ्या पदरचा. लोक पोट धरून हसले. आईही हसली. आता ते आठवलं की धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं होतं.

यंदा मामानं शाळा बंद केली आणि गाडी मला दिली. "जपून वापर. अशी गाडी पुन्हा होणे नाही," असं वर बजावलं. मी गेली काही वर्षं वर्कशॉपची छोटी गाडी चालवते. तिचा गिअर सरळ आहे, त्यामुळे मामाच्या गाडीच्या खोडी माझा हात विसरून गेला होता. दुसऱ्याच दिवशी चौकात दुसऱ्यावरून तिसरा टाकायला गेले तर पडला पहिला. गाडीनं असा हिसका दिला की मागच्या ट्रकवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

संध्याकाळी मी मामाला म्हटलं, "मामा, तुझ्या लिव्हरचे बुश गेलेत."

"गाडीला काही झालेलं नाही. तुझा हात बिघडलाय," मामा म्हणाला.

बुश ही काही मोठी वस्तू नाही. लिव्हरच्या बुडाशी आणि तिथून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळईच्या टोकांना प्लास्टिकच्या बोटभर नळ्या असतात. जोडातली फट त्या भरून काढतात. शिवणयंत्रातही बुश असतात. ते झिजले की शिवण वाकडी जाते आणि बाई बिचारी स्वतःला दोष देत बसते की मला सरळ शिवता येत नाही. "बाई, तुमचा हात चांगला आहे, मशीन झिजलंय," हे मी गिऱ्हाइकांना सांगते. रोज सांगते.

रविवारी सकाळी मामाच्या दारात आम्ही गाडीची पुढची बाजू जॅकनं उचलली, खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि मागच्या चाकांना विटा. मामा हाताची घडी घालून खुर्चीवर बसला, देखरेखीला. मी खाली सरपटत गेले. सळईच्या टोकाला जिथं बुश असायला हवा होता तिथं काळी भुकटी होती आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, तारेनं आवळलेली.

"ही पट्टी कुणी गुंडाळली?" मी खालूनच विचारलं.

"मीच," मामा म्हणाला. "खडखड वाजायचं म्हणून."

"कधी?"

"झाली असतील दहा-बारा वर्षं."

तेव्हा आम्ही दोघांनीही हिशोब केला नाही. काम पुढे होतं. नवे बुश इतके टणक की भोकात बसेनात. मामाला अखेर खुर्चीत राहवेना. "गरम पाण्यात टाक, मऊ पडतील," म्हणत तो ते घेऊन आत गेला आणि चहाच्या भांड्यात उकळत ठेवले. त्यावरून मामीनं त्याला जे ऐकवलं ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. मग मी खालून पकडीनं दाबत होते आणि तो वरून लिव्हर धरून होता. एक क्लिप उडाली, ती शोधायला दोघंही गुडघ्यांवर रांगलो आणि ती मामाच्याच चपलेत सापडली. बऱ्याच वर्षांत आम्ही दोघं इतके हसलो नव्हतो.

गाडी खाली उतरवल्यावर मामा म्हणाला, "सरक बाजूला, मीच काढतो गाडी." मी शेजारी बसले.

पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्यासाठी त्याच्या हातानं सवयीनं लिव्हर उजवीकडे रेटला आणि पडला पाचवा. गाडी गुदमरून बंद पडली. मामानं माझ्याकडे न बघता पुन्हा चालू केली. पुन्हा पाचवा, पुन्हा बंद. मागून एक स्कूटरवाला ओरडत पुढे निघून गेला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मामाच्या कपाळावर घाम आला होता.

"मामा, सरळ वर ने. काही करू नकोस, नुसतं सरळ वर," मी म्हटलं. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसाला सांगतात तसं.

त्यानं दोन बोटांनी लिव्हर वर सरकवला. तिसरा अलगद पडला. थोडं पुढे जाऊन मामानं गाडी कडेला घेतली आणि लिव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मला वाटायचं मला गाडी येते," तो म्हणाला. "मला फक्त हिची खोड येत होती." मग म्हणाला, "ताई बरोबर टाकत होती गं."

मी यंत्राची माणूस. हे माझ्या तोंडून आधी निघायला हवं होतं. ट्यूबची पट्टी हातात आली तेव्हाच निघायला हवं होतं. आणि मी काय म्हणाले? "मामा, आता कशाला उकरून काढायचं? ती विसरलीसुद्धा असेल. या वयात उगाच तिला मनस्ताप." आईच्या मनस्तापाची मला काडीइतकीही काळजी नव्हती. मला तो माइक आठवत होता आणि माझ्या पदरचा चहा. मामा एकटाच उघडा पडणार नव्हता, मीही पडणार होते, म्हणून मला एकाएकी आईची दया आली होती.

"मनस्ताप तिला नऊ वर्षं झालाच आहे," मामा म्हणाला. "आता आपल्याला होऊ दे थोडा." आणि त्यानं गाडी सरळ आईच्या घराकडे वळवली. वाटेत आणखी दोनदा बंद पाडली.

आई दारात बसून फळ्यांवर घालायला वर्तमानपत्राचे कागद कापत होती. मामा बस म्हटलं तरी बसला नाही.

"ताई, गाडी बिघडलेली होती," तो म्हणाला. "तेव्हा. तुझ्या तिन्ही परीक्षांना. मला माहीत नव्हतं असंही मला म्हणता येत नाही, वाजतंय म्हणून पट्टी मीच गुंडाळली होती. आणि मी तुला सगळ्यांसमोर खाली उतरवलं."

आईची कात्री थांबली. "रिव्हर्सही?" तिनं विचारलं.

"रिव्हर्सही. तू टाकलास तो बरोबरच टाकला होतास."

आई उठली, घरातल्याच चपला घालून बाहेर आली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. दार ओढून घेतलं. गाडी चालू केली नाही. क्लच दाबून तिनं एकेक गिअर टाकून पाहिला, अजिबात घाई न करता. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक जिथल्या तिथं पडला. शेवटी रिव्हर्स टाकला आणि हात लिव्हरवर तसाच ठेवला. आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो, शाळेत उभं केल्यासारखे.

"मी सांगितलं होतं तुला," आई मामाला म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "दुसऱ्या आठवड्यातच. म्हटलं होतं, अरे, हा हाताला लागतच नाही, काहीतरी सुटलंय आत. तू म्हणालास, गाडीला नावं ठेवू नकोस."

मामानं मान हलवली. त्याला आठवत होतं.

"आणि तू मागे बसली होतीस," आई मला म्हणाली. "तू म्हणालीस, आई, मला कसा बरोबर लागतो मग? आणि हसलीस. मला वाटलं, दोघंही तेच म्हणतायत, दोघांनाही यातलं कळतं, म्हणजे माझाच हात खोटं सांगत असणार. त्या दिवसापासून मी हाताचं ऐकणं सोडून दिलं."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. बोललेलं नाही, हसलेलं नाही, काहीच नाही. तिच्या नऊ वर्षांना पुरलेलं वाक्य माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं, याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"आई, चुकलं माझं," मी म्हटलं.

कुणीही माफी मागितली की आई "जाऊ दे" म्हणते. गर्दीत पायावर पाय देणाऱ्या परक्या माणसालासुद्धा म्हणते. मी खिडकीच्या कडेवर हात ठेवून वाट पाहत राहिले.

"हो, चुकलं," आई म्हणाली. मी हात काढून घेईपर्यंत ती थांबली आणि मग तिनं काच वर केली.