बोटीवरचा भात

हाडं उकळल्याचा वास आला की आजही माझ्या पोटात ढवळतं. घरातली लेकरं हसतात, म्हातारा कर्मठ आहे म्हणतात. कर्मठ माझे थोरले काका होते. मी कर्मठ वगैरे काही नाही, मला फक्त किळस येते, आणि तिच्यातली बरीचशी माझी स्वतःचीच आहे. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांतलं आता कोणी उरलं नाही, म्हणून सांगून टाकतो.

आमचं घर हट्टा गावातलं. वडील लहानपणीच गेले. काका-काकूंना मूल नव्हतं, त्यांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि हैदराबादेला शिकायला ठेवलं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी काका विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. हैदराबादेतल्या डॉक्टरांनी हात टेकले. इलाज झालाच तर व्हिएन्नाला होईल, असं म्हणाले. मला इंग्रजी येत होतं, तेव्हा सोबत जायचं ते मीच, यात वाद नव्हता. वाद होता तो समुद्र ओलांडण्याचा. काका दोन महिने नाही म्हणत राहिले. शेवटी गाडी जुंपायला लावून मला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले आणि देवासमोर अट घातली.

"तुझ्या हातचं खाईन. दुसऱ्या कुनाच्या हातचं एक शीत पोटात जायचं असलं, तर पाय मिळून मला काय करायचंय? बोल, जमंल का?"

मी बेलभंडार उचलून शपथ घेतली. तोवर मी कधी चहासुद्धा केला नव्हता.

काकूंनी महिनाभर मला चुलीपुढे बसवून भात, वरण आणि खिचडी शिकवली. निघताना दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्यांची चळत बांधून दिली. पाणी न लावलेल्या दशम्या प्रवासात सोवळ्याला चालतात, हा आमच्याकडचा शिरस्ता. बरोबर मेतकूट, लाडू, तुपाची बरणी, पितळी भांडी आणि पूर्णा नदीच्या पाण्याची, तोंड लाखेने बंद केलेली कळशी. वसमतला रेल्वेत बसेपर्यंत अर्धं गाव सोबत होतं.

मुंबईला बोटीच्या शिडीवर दोन हमालांनी काकांना खुर्चीसकट उचललं आणि अर्ध्या वाटेत खाली ठेवून एकमेकांशी भांडायला लागले. काकांनी डोळे मिटून घेतले. खुर्चीला चाकं होती, पण खोलीच्या दाराला वीतभर उंच उंबरठा, आणि दारही खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद. खुर्ची बाहेर बोळात बांधून ठेवली ती शेवटपर्यंत. काकांना मी पाठुंगळीला घ्यायचो. शौचालय बोळाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि त्यात पाठीवर माणूस घेऊन शिरणं अशक्य होतं, म्हणून सगळं भांड्यात. दिवसातून तीनदा ते भांडं घेऊन मी बोळातून जायचो तेव्हा गोरे प्रवासी नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटायचे. मला त्यांचा राग येत नसे. रुमाल मलाही लावायचा होता, हात मोकळा नव्हता.

बोटकंपनीच्या माणसाने मुंबईत वेगळी चूल कबूल केली होती. चूल वेगळी होती, नाही म्हणत नाही. दोन शिड्या उतरून खाली भटारखान्यात, एका कोपऱ्यात. तिच्या बरोबर वर सोललेल्या मेंढ्या आकड्यांना टांगलेल्या. त्यांचं रक्त टपकत असे आणि बोट हलली की त्या माझ्या डोक्यावरून झोके घेत. जमिनीवर चरबीचा थर, पाय घसरायचा. मी खाऱ्या पाण्याने अंघोळ करायचो, कारण बोटीवर अंघोळीला तेच मिळे. मग चिकट अंगाला सोवळ्याचा रेशमी मुकटा गुंडाळून खाली जायचो आणि खिचडी शिजेपर्यंत तीनदा बादलीत ओकायचो. अंगावर सोवळं, तोंडाला आंबट घाण. तसलं शिजवलेलं अन्न शुद्ध कसं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

सुएझपर्यंत मी दिवसाआड कसंबसं रेटलं. मधल्या दिवशी दशम्या. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात त्यांना हिरवी लव आली. आम्ही ती सुरीने खरवडायचो. मला घास उतरत नसे. काका मात्र शांतपणे चावत म्हणायचे, "बुरशी का असंना, आपल्या घरची हाय."

पोर्ट सैदला उरलेल्या दशम्या मी समुद्रात टाकल्या आणि भूमध्य समुद्र सुरू झाला. बोट चार-पाच बंदरं घेत रमतगमत जाणारी होती. वरच्या मजल्यावर मंडळी हौसेने आलेली. त्यांचे बाजे, नाच, बंदराला लागलं की होड्यांतून पडकी देवळं पाहायला जाणं. हा समुद्र फार निळा असतो असं मी ऐकून होतो. आमच्या खोलीच्या गोल भोकातून तो धुण्याच्या पाण्यासारखा दिसायचा. काका एकदा म्हणाले, वर नेऊन दाखव तरी. मी तीन जिने मोजले आणि उद्या नेतो म्हणालो. तो उद्या मी आणलाच नाही.

मग वादळ लागलं. दोन दिवस मला उभं राहता येईना. काका दोन दिवस केळ्यांवर राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना पाठीवर घेतलं तर ओझंच लागेना. बोटीवरचा डॉक्टर आला, त्यांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि मला म्हणाला की, माणूस असाच उतरला तर तिकडे कोणी सर्जन याला हात लावणार नाही. काकांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हणालो, पोटभर जेवा म्हणतो.

"मंग कर की खिचडी," काका म्हणाले.

मी खाली गेलो. बोट अजून डुलत होती. मेंढीचा एक थंड पाय गालाला लागला आणि मी खांब धरून उभा राहिलो. मुख्य आचारी म्हणजे एक जाडा, घामट माणूस. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातलं पितळी भांडं काढून घेतलं आणि स्वतःच्या मोठ्या पातेल्यातला भात त्यात भरून दिला. पांढरा, मोकळा, वाफाळता. मी नीट पाहिलं. मांसाचा तुकडा नव्हता. वर आणून त्यात घरचं तूप आणि मिरी घातली आणि काकांपुढे ठेवला. मी केलाय असं मी म्हणालो नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पोर्ट सैद सुटल्यापासून पहिल्यांदा त्यांनी परत वाढ म्हटलं. बोटं चाटून म्हणाले, "बसला बरं का हात तुझा आता."

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने पातेल्याचं झाकण माझ्यासमोरच काढलं. आत हाडं. वर करडा फेस. तेच पाणी गाळून तो भातावर ओतत होता. मी पाहिलं, म्हणजे डोळे फाडून पाहिलं. माझी चूल तिथून पाच पावलांवर होती आणि डाळ-तांदूळ कमरेला बांधलेले होते. मी भांडं पुढे केलं.

काकांचा जीव वाचवायला केलं, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्यात खोटं एवढंच की तेव्हा ते माझ्या डोक्यात नव्हतं. मला तिथे उभं राहवत नव्हतं, बस. एक माणूस माझ्यावर सगळा धर्म टाकून निवांत पडला होता आणि मला वासाचा कंटाळा आला होता. उरलेले नऊ दिवस रोज तोच भात. काकांच्या गालांवर रंग चढला. मी केळी खाल्ली.

व्हिएन्नाला भाड्याच्या खोलीत मी स्वतः शिजवत होतो. काका दोन घास खाऊन म्हणायचे, इथली चूल न्हाई लागली तुला. डॉक्टरांनी महिनाभर सुया टोचल्या, पाय ठोकून पाहिले आणि घरी न्या म्हणाले. परतीला तीच बोट मिळाली. मला पाहून आचारी हसला आणि भांड्यासाठी हात पुढे केला.

हट्ट्याला पोचलो तर बोटीवर परक्याच्या हातचं खाल्लं असणारच असं धरून चार वडीलधारी मंडळी प्रायश्चित्ताची तयारी करून बसलेली. काकांचं मुंडन व्हायचं होतं, पंचगव्य घ्यायचं होतं. काका म्हणाले, मला देवळात न्या. तिथे सगळ्यांदेखत त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्याच्या हाताबिगर कुनाचं एक शीत माझ्या पोटात गेलं असंल, तर ह्याचं वाटोळं होईल. आता बोला."

मी काकांच्या पायांकडे पाहत होतो, दोरीसारखे बारीक झालेले. प्रायश्चित्त रद्द झालं. काकांची मान ताठ झाली आणि माझं नाव पंचक्रोशीत झालं, पुतण्या असावा तर असा. माझं काही वाटोळंही झालं नाही. लग्न झालं, वकिली चालली. लोक मला पोरांपुढे उदाहरण म्हणून उभं करत आणि मला तोंडात तो करडा फेस आल्यासारखं होई.

काका अधूनमधून म्हणायचे, बोटीवरचा भात कर एकदा. मी वेळ मारून न्यायचो. ते तांदूळ इकडे मिळत नाहीत, म्हणायचो. काकूंनी विचारून विचारून करून पाहिला. "चांगला हाय, पन ह्याच्या हातचा न्हाई," काका सांगायचे.

असं दहा वर्षं चाललं. निजामाच्या अमदानीच्या शेवटच्या हिवाळ्यात काकांनी अन्न सोडलं. चार दिवस नुसतं पाणी. पाचव्या दिवशी सकाळी काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "तुजा भात मागून राहिलेत. आता तरी कर रे."

मी केला. त्यांनी घास घेतला आणि मान हलवली. "ह्यो न्हाई."

तो कोणता हे मला ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी पिंजाऱ्याची म्हातारी राहायची. तिला आम्ही खाला म्हणायचो. आमच्या घरच्या गाद्यांचा कापूस तीच पिंजून द्यायची. ते दिवस असे होते की हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दारात जायला कचरत. मी भरदुपारी गेलो. तिच्या अंगणात चुलीवर भांडं चढलेलं होतं आणि वासावरून आत काय आहे ते कळत होतं. मी म्हणालो, खाला, वाटीभर पाणी गाळून दे. कोणासाठी, तिने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, बोट, आचारी, देवळातली शपथ. आजवर एकदाच सांगितलं ते.

तिने ऐकून घेतलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

"नक्को बाबा. तुमी तवा केलं, ते तुमचं अन् अल्लाचं. मालकानं जनमभर जपलं. त्याच्या शेवटच्या घासात म्या हाडाचं पानी न्हाई घालायची."

मी हात जोडले. ती म्हणाली, "त्याला खरं सांगा. आयकून बी मागितलं, तर म्या सोता घेऊन येते."

घरी आलो. सांगायचंच असं ठरवून आलो होतो, हे कोणाला खरं वाटणार नाही. माजघरात काकू होत्या, भावकीतली माणसं होती, देवळातले तेच वडीलधारी होते. मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा भात टाकला. मऊ केला, तूप सढळ घातलं, मिरी घातली. काकांनी घास तोंडात घोळवला आणि काकूंच्या तळव्यावर काढून टाकला. मग माझ्याकडे वळले.

"काहून रे? बोटीवर किती जीव लावून करायचास. आता कंटाळलास का माझं करायला?"

खालाने सांगायला लावलेलं खरं माझ्या जिभेवर होतं. समोर एवढी माणसं. काकांचे डोळे औंढ्याला नागनाथापुढे 'जमंल का' विचारताना होते तसेच.

"व्हय," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शेवटचा घोट द्यायची वेळ आली. मुलाच्या जागी मीच होतो, म्हणून पळी घेऊन पुढे झालो, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाणी काकूंनी घातलं.