बंद मेण्याचा खेळ

हरेशला लहानपणी गावात 'चौकशी ऑफिस' म्हणत. स्टेशनावरचं चौकशी ऑफिस उत्तरं देतं, हे मात्र नुसते प्रश्न विचारायचं. डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याची वीज कशी होते, बेडूक उन्हाळ्यात कुठं जातात, गुरवाला पगार कोण देतो, एक ना दोन. पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता तो भिवपुरीच्या वीजघरात ऑपरेटर होऊन बसला. बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं हळूहळू मिळत गेली. एकाच प्रश्नानं त्याला चाळिशीपर्यंत दाद दिली नव्हती, आणि तो म्हणजे मेण्यात कोण होतं.

त्याचं असं झालं. तो चौथीत असताना मुलांच्या एका साप्ताहिकात 'बंद मेणा' नावाची चित्रकथा यायची. नागू वाटाड्या देशावरून एक मेणा घेऊन घाट उतरतो आहे. चार भोई, दोन्ही बाजूंना पडदे सोडलेले, आतून कधी चकार शब्द नाही. नागूला एकच हुकूम, पडदा उचलायचा नाही. दर आठवड्याला नवं संकट: वाघ, दरड, लुटारू, चकवा. शेवटी मेणा नदीकाठी पोचतो, नागूचा हात पडद्याकडे जातो आणि खाली लिहिलेलं, 'क्रमशः'. पुढच्या आठवड्यात साप्ताहिकच बंद पडलं. हरेशनं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, राजकन्या असेल. 'असेल' हे काही उत्तर नव्हे, असं हरेशचं तेव्हाही मत होतं. ती सगळी पानं त्यानं खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून जपली.

आता त्याची मुलगी हर्षला नऊ वर्षांची झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी आणि हातात आईचा मोबाइल, म्हणजे बघायलाच नको. वीजघरातल्या एका तरुण इंजिनिअरनं हरेशला सांगितलं होतं की पुण्यात त्याचे मित्र एक खेळ खेळतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, जमलं की फसलं ते फासा सांगणार. हरेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हर्षला नागू होईल, आपण घाट होऊ.

तो कामाला लागला. जुन्या कॅलेंडरच्या मागं घाटाचा नकाशा काढला. काडेपेटीचा मेणा केला आणि बायकोच्या, म्हणजे जागृतीच्या, ब्लाउजपीसच्या चिंधीचे पडदे लावले. फासा सापशिडीतला. मग पोरीला समोर बसवून त्यानं नियम वाचायला घेतले. नमनाला घडाभर तेल गेलं. हर्षलानं दोनदा जांभई दिली आणि मग बोट थेट चिंधीवर ठेवलं.

"मी पडदा वर करते."

"अगं, घाट सुरू पन नाय झाला अजून."

"म्हनून तर. काय नेतोय ते आधी बघून घेते."

"नागू पडदा उचलत नाय."

"का?"

"हुकूम हाय."

"कोनाचा?"

कोणाचा ते चित्रकथेत आलंच नव्हतं. चौकशी ऑफिसला आज चौकशी ऑफिसच भेटलं होतं.

"आत कोन हाय, तुला तरी माहीत हाय का?" हर्षलानं विचारलं.

"ते शेवटी कळतं. चल, पुढं वाघ हाय," हरेश म्हणाला, आणि खोटं बोलल्यासारखं त्याचं त्यालाच वाटलं.

वाघ आला. हर्षला म्हणाली, मी बाजूला होऊन त्याला वाट देते. हरेश म्हणाला, छे, नागू पलिता पेटवतो. दरड कोसळली. ती म्हणाली, मागं फिरते. हा म्हणाला, नाही, दोर टाकायचा. वीजघरात अंदाजपंचे चालत नाही. कुठला बझर वाजला की कुठलं बटन दाबायचं ते ठरलेलं, आणि हरेशचा सगळा जन्म ते ठरलेलं करण्यात गेला. फासा त्यानं एकदाही टाकू दिला नाही. अशा माणसानं खेळ केला की त्याची ड्युटीच व्हायची.

लुटारूंपर्यंत जेमतेम पोचले आणि हर्षला उठली. "तुला सगळं पाठच हाय बाबा. मग मी कशाला? तूच खेळ." आणि ती मागच्या दारानं कैऱ्या पाडायला गेली.

हरेशला लागलं. पोरीनं खेळ टाकला याचं होतंच, पण नागूला तिनं असं वाऱ्यावर सोडावं याचं जास्त. आधीच त्यांची गाठ पडायची कमी. तो आठवडाआठवडा नाइट करायचा आणि दिवसा आतल्या खोलीत झोपायचा. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. तो झोपलेला असला की घरात कुजबुज चालायची. टीव्हीचा आवाज बंद, भांडी हळू. पडदा उचलायचा नाही, हे हर्षला चालायला लागली तेव्हापासून तिला ठाऊक होतं. तिनं पुन्हा खेळायला बसावं असं हरेशला फार वाटत होतं, आणि त्याची समजूत अशी की तिला उत्तर मिळालं तर ती बसेल.

म्हणून त्यानं उत्तराचा शोध घेतला. कुंभिवलीला हायवेवरच्या रद्दीवाल्याकडं सुट्टीची अख्खी सकाळ घालवून तो शिंकत घरी आला. त्या रद्दीवाल्यानंच शेलूचं एक नाव सांगितलं होतं. तिथं नव्या बिल्डिंगीत हेमचंद्र नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक राहत आणि जुनी बालसाप्ताहिकं जमवत. त्यांनी हरेशला चहा दिला, कपाटातून गठ्ठा काढला आणि नदीकाठचं तेच पान समोर ठेवलं.

"हाच शेवटचा अंक. पुढचा छापलाच नाही," ते म्हणाले.

"पण काढणाऱ्याला तरी माहीत असेल ना, आत कोण ते?"

"मला नाही तसं वाटत. दर आठवड्याचं दर आठवड्याला काढायचे हो हे लोक. तुम्ही दोघं सारखेच अडकला होतात, ते तिकडं आणि तुम्ही इकडं."

म्हणजे मेण्यात कोण होतं हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. हरेश परतताना इतका खट्टू झाला की शेलूच्या फलाटावर त्यानं आवडता वडापावसुद्धा अर्धा टाकला.

त्या आठवड्यात नाइट होती. सकाळी पाळी बदलताना गजाभाऊ आले. वीजघरात रीत अशी, की येणारा माणूस सगळं बघून घेतो आणि म्हणतो, 'चार्ज घेतला.' त्यानंतर जाणाऱ्यानं कशालाही हात लावायचा नाही, अगदी साहेब असला तरी. गजाभाऊंनी चार्ज घेतला. हरेश चप्पल घालता घालता सवयीनं एका मीटरकडं बोट दाखवून म्हणाला, "तो काटा जरा..."

"हरेश, चार्ज दिलास ना? मग हात खिशात," गजाभाऊ मान वर न करता म्हणाले.

हात खिशात घालून हरेश निघाला. फाटकापाशी येईतो त्याची ट्यूब पेटली. आपण त्या दिवशी पोरीला नागू केलं, पण चार्ज काही दिला नाही.

दुपारी झोपून उठल्यावर त्यानं पडदा सारला आणि नकाशा जमिनीवर पसरला. हर्षला टीव्हीवरचं मुकं कार्टून बघत होती.

"चार्ज घे," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"घाट तू. मी नागू. मी विचारीन, तू सांगायचं. मी मधे बोटपन दाखवनार नाय."

तिनं संशयानं त्याच्याकडं बघितलं. मग फासा मुठीत घेतला. "घेतला."

वाघाच्या जागी शेळ्या आल्या. हरेशच्या ओठावर आलं होतं की इथं वाघ असतो, पण त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले. दरड आली ती कोरडी नाही, चिखलाची. दोर कामाचा नव्हता, आणि फासा एक पडला तेव्हा नागू कमरेपर्यंत रुतला. आता काय होणार हे हरेशला खरंच माहीत नव्हतं, आणि त्याला चौथीत असल्यासारखं वाटायला लागलं. भोयांनी ओढून काढलं, मेणा नदीकाठी आला.

"पडदा उचलू?" त्यानं विचारलं.

"टाक फासा."

दोन पडले. "नाय उघडत. आतून गाठ हाय." पुन्हा टाकला. पाच.

"उघडला," हर्षला म्हणाली.

"कोन हाय गं आत?"

तिनं काडेपेटीत डोकावून बघितलं. "एक मानूस हाय. झोपलाय."

"कसला मानूस?"

"तो रात्री कामाला जातो. दिवसा मेण्यात झोपतो. म्हनून भोई पाय न वाजवता चालतात. आनि आतून आवाज येत नाय."

तीस वर्षं हरेशनं आत राजे बसवले होते, खजिने भरले होते, जखमी सरदार लपवले होते. हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला हसू आलं, आणि नजर फुलाफुलांच्या पडद्याकडं गेली.

"उठवू त्याला?"

"नाय. हुकूम हाय."

"कोनाचा?"

हर्षलानं स्वयंपाकघराकडं बघितलं. "आईचा." आत जागृतीचं भांडं घासणं थांबलं.

"मग आता काय करायचं?"

"मला काय विचारतोस? नागू तू हायस."

हरेशनं फाशाला हात लावला नाही. तो काडेपेटीवर वाकला. "ओ दादा, उठा. पोचलो आपन."

"उठला," हर्षला म्हणाली. तिनं बराच विचार केला. "पन त्यानं शेळ्या बघितल्या नाय. चिखल पन नाय. काईच बघितलं नाय त्यानं. तो म्हनतो, परत वर चला. पयल्यापासून."

हरेशनं मेणा उचलून नकाशाच्या वरच्या टोकाला घाटमाथ्यावर ठेवला. चिंधीचे दोन्ही पडदे गुंडाळून वर खोचले. मग पोरीकडं बघून म्हणाला, "चल. आता त्याला पयल्यांदा काय दिसतं?"