बूड काढलेला डबा

ओल दिसली की भागीकाकी चप्पल काढायच्या. कांदिवलीच्या आमच्या चाळीतली मोरी असो नाहीतर जिन्याखालचं केळीचं आळं, उजव्या पायाची टाच त्यात दाबून क्षणभर थांबायच्या. "पाणी खंय जाता, ता आधी बघूचा," म्हणायच्या. चाळीतली पोरं हसायची. मीही हसायची.

मी सातवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन इकडे आलेली, पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटणारी. गावाहून फोन आला की मी आधी घाबरायचे. त्या पौषात आई फोनवर रडत होती. डोंगरउतारावरचा आमचा एकुलता कुणगा, म्हणजे पायरीसारखं कापलेलं भातशेत, पाणी धरत नव्हता. पाटाची पाळी आमच्याकडे तिसऱ्या दिवशी येते. सकाळी भरलेलं शेत संध्याकाळी कोरडं. रोपं लावणीला आलेली. भाऊ दिनू म्हणत होता, हिवाळी भात बंद करू, काजू लावू. आईचा जन्म त्या चिखलात गेलेला. शेत पडीक पडलं तर तीही अंथरूण धरणार, हे मला दिसत होतं.

पिठाच्या हातानेच शेजारी काकींच्या दारात गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावाक फोन लाव."

खेकड्यांची बिळं असणार म्हणून दिनूने तोवर मेर, म्हणजे बांध, तीनदा लिंपली होती. काकी त्याला म्हणाल्या, "तेलाचो रिकामो डबो घे. बूड काढ. मधोमध चिखलात रोव, आत-भायर पाणी सारखा कर. सांजचा बघ. भायरलाच उतरला, तर मेर गळता. दोनय सारखाच उतरला, तर तळ गळता."

"काकी, भात लावचा की डबो?"

"आधी डबो लाव, मगे दात काढ."

संध्याकाळी दिनूचा फोन आला. दोन्ही पाणी सारखंच उतरलं होतं.

"यंदा खोल खणलंस?" काकींनी विचारलं.

पावसाळ्यानंतर त्याने यंत्र आणून शेत हातभर खणून घेतलं होतं. माती मोकळी झाली की पीक जोमात येईल, असं त्याला वाटलं होतं.

"मोकळी माती भुईमुगाक. भाताक खालचो थर घट्ट होयो. आज्या-पणज्यांनी बैलांच्या पायांनी बसवलेलो तळ तू फोडलंस रे!" मग म्हणाल्या, "यंदा अर्धोच कुणगो घे. मधी मेर घाल, सगळा पाणी एकाच अर्ध्यात सोड, नि उभ्या पाण्यात तुडवा. यंत्र नको, पाय."

अर्धं शेत सोडायचं म्हटल्यावर आई पुन्हा रडायला लागली. काकींनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "सगळो धरूक गेलंस तर सगळो जातलो गो बाय!"

मग आई, दिनू, वाडीतल्या बायका आणि शेजाऱ्याचे दोन रेडे, सगळे मिळून तुडवत राहिले. रोज संध्याकाळी मी फोन घेऊन काकींच्या दारात. चार बोटं उतरलं. तीन बोटं. आठव्या दिवशी दिनू ओरडलाच, "काकी, डब्यातला पाणी हललाच नाय!"

काकींनी फोन माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "आमचो कुणगो मीच खणून घेतलंय. घरधनी नको म्हणत होते. मगे पाणी घालून घालून दमलंव, शेवटी शेत सोडून हय इलंव."

"मग हा डबा?"

"डबो मगे सुचलो. तवसर तळ गेललो."

वैशाखात आईने त्या अर्ध्या कुणग्याचे तांदूळ पाठवले. काकींनी पेज केली, मला समोर बसवून प्यायला लावली, आणि स्वतःची वाटी बोटाने पुसून चाटली.

आश्विनात काकी वारल्या.

पुढच्या पौषात दिनूने उरलेला अर्धा भाग तुडवायला घेतला. कुणी न सांगता त्याने डबा रोवला आणि फोटो पाठवला: गंजलेला डबा, आत-बाहेर भरलेलं पाणी, खाली लिहिलेलं, "पाणी कालच्या खुणेवरच आसा. काकींका दाखव."

काकी गेल्याचं त्याला माहीत होतं. तरी मी फोन घेऊन गेलेच. दाराला कुलूप होतं, आणि माझी चप्पल काढून झाली होती. तशीच मोरीपाशी गेले, ओलीत टाच दाबून उभी राहिले. टाचेला काही समजलं नाही. त्यांच्याइतकं समजायला चिखलात जन्म जावा लागतो.

पण आता गावाहून फोन आला की मी आधी घाबरत नाही. आधी विचारते, पाणी कुठं जातंय?