जिज्जींची सुटलेली घरं

मालिश करणाऱ्या बायका घरात आल्या की आधी बाळ मागतात. जिज्जी आधी बाळंतिणीजवळ बसायच्या. "बच्चा सगळेच बघतात. तू सांग बेटा, नींद आली का?" नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीतली निम्मी बाळं त्यांच्या हाताखालून गेलेली.

पाठीला तेल चोळताना त्या गप्प असायच्या. त्या गप्प बसण्यानंच बाई बोलती व्हायची. बाराव्या दिवशी मीही बोलले. "जिज्जी, हा रडला तरी मला काही वाटत नाही. काल वाटलं, याला इथेच ठेवावं, बस पकडावी आणि निघून जावं."

त्यांचा हात थांबला नाही. "माझंही झालं होतं असं. पण दाबून ठेवू नको. डॉक्टरला सांग."

मी सांगितलं नाही. जेवण सुटलं, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यानंतर चौथ्या दिवशी जिज्जींनीच सासूबाईंना सांगितलं, "हिला डॉक्टरकडे न्या. बाळाला सोडून जावंसं वाटतंय तिला."

सासूबाईंनी मला विचारलं, "असं म्हणालीस तू?"

"नाही, आई. मनाचंच सांगतायत त्या."

जिज्जींनी वाद घातला नाही. तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "मी नाही आले तरी चलेगा. हिला एकटी सोडू नका."

आठवड्याभरात मी नवऱ्याजवळ कोसळले. त्यानं फ्रीगंजमधल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषधांनी, बोलण्यानं हळूहळू सावरले, बाळाचा लळा लागला. तोवर सासूबाईंनी कॉलनीभर सांगितलं होतं, की ही बाई सुनांच्या नावानं काहीबाही पसरवते. जिज्जींची इथली सगळी घरं सुटली.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. "माझ्याकडे काय मागतेस? कॉलनीत सांग ना."

मी हो म्हणाले. सांगितलं मात्र नाही. सांगायचं तर मी काय बोलले होते तेही सांगावं लागलं असतं.

माझा मुलगा आता तिसरीत आहे. गेल्या महिन्यात जिज्जी वारल्या. गेटपाशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तीच ना, खोटंनाटं सांगणारी?"

"त्या खोटं नव्हत्या बोलल्या, काकू. मी बोलले होते."

एवढंसं वाक्य म्हणायला मला आठ वर्षं लागली, आणि ज्यांच्यासाठी म्हणायचं होतं, त्या ऐकायला उरल्या नव्हत्या.