नोटेवरचे बाबा

तीस वर्षं तांब्याच्या पत्र्यावर वाकून रेघाकाकांची पाठ कायमची वाकली होती. नाव काही का असेना, गाव त्यांना रेघाकाकाच म्हणे. प्रशस्तिपत्रांच्या महिरपी, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, जे येईल ते त्यांनी कोरलं. माणसाचा चेहरा मात्र कधी वाट्याला आला नव्हता. म्हणून समोरच्या बेटावर पर्यटकांसाठी वेगळ्या नोटा काढायचं ठरलं, तेव्हा ते हरखून गेले. धक्क्यावर खरे पैसे देऊन या नोटा घ्यायच्या आणि बेटावरच्या दुकानांत वापरायच्या. त्यांच्यावर चेहरा हवा होता वादळात बुडालेल्या दीपगृहवाल्याचा. पण त्याचा एकही फोटो नव्हता. होती ती त्याची म्हातारी मुलगी, सगळ्यांची ताई.

ताई आठवून सांगत गेली, काका कागदावर काढत गेले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "सगळं जमलंय रे. फक्त बाबांचा एक डोळा बारीक होता."

"ताई, नोट आहे ती. लोकांना वाटेल, म्हातारा डोळा मारतोय."

ती खळखळून हसली. काकांनी दोन्ही डोळे सारखे कोरले.

नोटा धडाधड खपल्या. खर्च मात्र फारशा कुणी केल्या नाहीत. लोक त्या आठवण म्हणून घरी नेत. काकांची बायको म्हणायची, "आता तुम्ही बडे कलावंत! जरा दळण तेवढं आणा."

वर्षभराने ताई धापा टाकत काकांच्या कारखान्याची पायरी चढून आली.

"एक विचारू? रागावू नकोस. पूर्वी डोळे मिटले की बाबा यायचे. आता तुझी नोट येते. तो बारीक डोळा कुठला होता रे? डावा की उजवा? तुला सांगितलं होतं मी."

तिने कुठला ते सांगितलंच नव्हतं. काकांनी विचारलंच नव्हतं. रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडे बघावं, तशी ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"डावा," काका म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, ताई."

तिने स्टुलावर बसून डोळे मिटले. काकांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. शेजारचं छपाईयंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"नाही रे," डोळे न उघडताच ती म्हणाली. "अजून दोन्ही सारखेच दिसतायत."